पहिल्या प्रतीचं पेट्रोल

विरूना गावच्या पेट्रोलपंपाचं शटर सकाळी साडेसातला वर जायचं आणि सात पस्तीसला क्लेम पेंगिली आपली घडीची खुर्ची घेऊन हजर व्हायचा. बर्फाच्या पेटीशेजारी तो खुर्ची मांडायचा, पंप सांभाळणाऱ्या ग्लेनिसकडून चहाचा मग घ्यायचा आणि हातभर लांबीचा स्क्रूड्रायव्हर मांडीवर ठेवून बसायचा. त्या स्क्रूड्रायव्हरनं त्यानं कधी एक स्क्रू पिळला असेल तर शपथ. ते त्याचं तपासणीचं यंत्र होतं. पेट्रोल भरून गाडी निघाली की क्लेम हात आडवा करून तिला थांबवायचा, बॉनेट उघडायला लावायचा, चालू इंजिनावर स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटायचा. गाडीवाला टोपी हातात घेऊन उभा. मग निकाल यायचा.

"एक्क्याण्णव पाजतोस हिला. ठोके ऐक. आतून खंगत चाललीय बिचारी."

आता विरूनाच्या पंपावर पेट्रोल मिळायचं तेच मुळी एक्क्याण्णव नंबरचं. जमिनीखाली दोनच टाक्या, एक डिझेलची आणि एक पेट्रोलची. तेव्हा गावातल्या कुठल्या गाडीत काय आहे हे ओळखायला कान लागत नव्हता. पण ही गोष्ट कुणाच्या ध्यानात येत नसे, आणि आली तरी क्लेमला ती सांगायची कुणाची छाती नव्हती. लोक मान हलवायचे, बॉनेट आपटायचे आणि त्याच इंजिनानं पुढचे दीड लाख किलोमीटर काढायचे.

क्लेमची स्वतःची गाडी म्हणजे एक साधी पांढरी जपानी सेडान. शाळेच्या मास्तरणी, परिचारिका आणि पेन्शनर चालवतात तसली. तिच्या पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कंपनीनं ठळक अक्षरांत लिहून ठेवलं होतं की एक्क्याण्णव किंवा त्याहून वरचं चालेल. क्लेमच्या बायकोनं, कोरलनं, ते एकदा वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी त्या अक्षरांवर गावच्या फुटबॉल क्लबचा स्टिकर होता. गाडी बनवणारे कारखान्यात बसतात, म्हणाला, त्यांना इथली धूळ काय ठाऊक. आणि दर तीन आठवड्यांनी तो सत्तर किलोमीटरवरच्या पोर्ट हार्लनला जाऊन अठ्ठ्याण्णव नंबरचं पेट्रोल भरून यायचा. येताना दोन कॅन जादा. त्यातलं अर्धंअधिक जाण्यायेण्यातच जळायचं, पण त्याचं त्याला काही नव्हतं.

माणूस असा का होतो ते कळायला त्याचा आधीचा धंदा माहीत हवा. एकतीस वर्षं क्लेम विरूनाच्या सायलोवर होता. सायलो म्हणजे गावाच्या कडेला उभी असलेली सिमेंटची ती प्रचंड कोठारं. सुगीत तिथे गव्हाच्या ट्रकांची रांग लागायची, आणि रांगेच्या तोंडाशी, वजनकाट्याच्या मचाणावर, क्लेम. लांब नळी ट्रकात खुपसून तो नमुना काढायचा, तळहातावर घेऊन फुंकर मारायचा, चार दाणे उजव्या दाढेखाली घालून कडकन चावायचा, आणि मग बोलायचा. पहिली प्रत. दुसरी प्रत. किंवा मग, कपाळावर आठी घालून, खाद्य. खाद्य म्हणजे माणसांनी खायचा नव्हे, कोंबड्या-डुकरांना घालायचा गहू. त्या एका शब्दानं शेतकऱ्याचं वर्ष पाण्यात जायचं.

त्यामुळे एकतीस वर्षं गावातले धिप्पाड धिप्पाड शेतकरी क्लेमपुढे मवाळ आवाजात बोलत आले. नाताळात त्याच्या दारात बिअरची खोकी यायची. त्याची मुलगी फुटबॉल क्लबच्या सोडतीची तिकिटं विकायला निघाली तर एका सकाळीच संपायची. क्लेमला वाटायचं, ही आपल्या दाढेची किंमत. मग प्रयोगशाळेतली यंत्रं आली. दाणे यंत्रात टाकायचे, पडद्यावर आकडा वाचायचा. यंत्रावर बसायला कॉलेजातली पोरं आली. क्लेमनं दोन सुग्या त्या आकड्यांकडे पाठ फिरवून काढल्या आणि निवृत्त झाला. त्यानंतरच्या नाताळात बिअरचं एकही खोकं आलं नाही.

प्रत ठरवायची सवय मात्र गेली नाही. चहाची प्रत, पावाची प्रत, चर्चमधल्या नव्या पाद्र्याची प्रत. यांतल्या कशाची कुणाला पडली नव्हती. पण पेट्रोलला नंबर होते, जसे गव्हाच्या प्रथिनांना असतात. एक्क्याण्णव, पंच्याण्णव, अठ्ठ्याण्णव. वरचा नंबर महाग, खालचा स्वस्त. एवढं दिसल्यावर क्लेमला आणखी काही समजून घ्यायची गरज वाटली नाही. त्याच्या मते अठ्ठ्याण्णव ही पहिली प्रत आणि एक्क्याण्णव म्हणजे खाद्य. आणि गाव सगळं गहूवाल्यांचं, त्यामुळे हे ऐकताक्षणी प्रत्येकाला पटायचं.

हा पंप गावाच्या मालकीचा होता. अकरा वर्षांपूर्वी जुना मालक शटर ओढून समुद्रकाठी राहायला गेला, तेव्हा घराघरातून भागभांडवल गोळा करून गावानं तो विकत घेतला. सात जणांची समिती, अध्यक्ष रॉस क्लाइनिग, आणि रोजचं सगळं बघायला ग्लेनिस शिर्मर. ती पंपामागच्या दोन खोल्यांत राहायची. पेट्रोल, चहा, सॉसेज रोल, टपाल, कुत्र्यांचं औषध, सगळं तिच्याच हातून मिळायचं. पंप बंद झाला तर सत्तर किलोमीटरपर्यंत पेट्रोलचा थेंब नाही, आणि ग्लेनिसला बहिणीकडे ॲडलेडला जाऊन तिच्या मागच्या खोलीत पडून राहणं आलं. बहिणीचं आणि तिचं एका दुपारपलीकडे पटत नसे. हे गावात सगळ्यांना माहीत होतं.

तर त्या वर्षी फेब्रुवारीत, पंपाच्या वार्षिक सभेत, क्लेम उठून उभा राहिला. सभा गावच्या इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये होती. बायकांनी आणलेल्या केकवर अजून जाळी झाकलेली, पंखे गरगरताहेत, आणि लोकांना लवकर संपवून केककडे जायचं आहे. पेट्रोलची टाकी धुऊन काढायचं काम नुकतंच झालं होतं. रिकाम्या टाकीत आता नवं पेट्रोल यायचं होतं. क्लेमनं ठराव मांडला की धुतलेल्या टाकीत पुन्हा एक्क्याण्णव ओतू नये, यापुढे विरूनात फक्त अठ्ठ्याण्णव मिळावं.

"आपण गहू पिकवतो तो पहिल्या प्रतीचा," तो म्हणाला, "आणि गाड्यांना पाजतो ते कोंबड्यांचं खाद्य. लाज कशी वाटत नाही?"

हॉलमध्ये एकदम कुजबुज झाली. लाज वाटायला लागली होती. पोर्ट हार्लनवाल्यांच्या पंपावर चार नळ्या आहेत, आणि आपण खाद्य पाजतो, हे आजवर कुणी असं तोंडावर सांगितलं नव्हतं.

ग्लेनिस हातात कागद घेऊन उठली. टँकरच्या ड्रायव्हरला विचारून तिनं लिहून आणलं होतं. तिनं सांगितलं की हा नंबर पेट्रोल किती चांगलं किंवा किती ताकदीचं ते सांगतच नाही. इंजिनात पेट्रोल दाबलं जातं, तेव्हा ठिणगी पडण्याआधीच ते आपोआप भडकू नये म्हणून त्याच्यात किती दम आहे, एवढंच तो नंबर सांगतो. ज्या इंजिनात दाब जास्त, त्याला वरचा नंबर लागतो. आपल्या गाड्यांत दाब कमी, त्यांना खालचा पुरतो, वरचा घातला तर नुसते पैसे जास्त जातात. कुठला घालायचा ते झाकणाच्या आत लिहिलेलं असतं. साध्या सरळ शब्दांत, तीन मिनिटांत तिनं सगळं सांगितलं.

क्लेमनं तिचं बोलणं हसत हसत पूर्ण होऊ दिलं. मग विचारलं, "ग्लेनिस, आजवर किती टन गव्हाची प्रत लावलीस गं तू?"

हॉल हसला. ग्लेनिस कागदाची घडी घालून बसली. मतं पडली, एक्केचाळीस विरुद्ध सहा. त्या सहांत एक हात कोरलचा होता, आणि नवऱ्यानं वळून पाहिलं तरी तिनं तो खाली घेतला नाही.

पहिला महिना गाव तोऱ्यात होतं. जो तो सांगत सुटला की गाडी कशी लोण्यासारखी चालते. एकाच्या पिकअपचं वीस वर्षांचं खोकणं थांबलं म्हणे. एकीच्या गाडीचा गारवा वाढला. एअरकंडिशनरवर पेट्रोलच्या नंबराचा असर होतो ही गोष्ट तिलाच प्रथम कळली. क्लेम स्क्रूड्रायव्हर कानाला लावून प्रत्येकाचं अभिनंदन करायचा. आयुष्यात एवढा सुखी तो वजनकाट्यावरही नव्हता.

मग विजेची बिलं आली, शाळेच्या फिया आल्या. पोर्ट हार्लनला आठवड्याचा बाजार करायला सगळेच जायचे. तिथे सुपरमार्केटच्या पावतीवर पेट्रोलची सवलत मिळायची, आणि ती सवलत धरली तर तिथलं एक्क्याण्णव विरूनाच्या अठ्ठ्याण्णवपेक्षा लिटरमागे चाळीस सेंटनं स्वस्त पडायचं. कुणी सांगून सवरून गेलं नाही. दातांच्या डॉक्टरकडे जायचं होतं, सुनेला स्टेशनवरून आणायचं होतं, असं काहीतरी निघायचं. पोर्ट हार्लनच्या पंपावर विरूनाच्या दोन गाड्या शेजारी शेजारी लागल्या, तर दोघे गाडीवाले पंपाच्या छपरात काय आहे ते बघत राहायचे. परत आल्यावर मात्र दोघेही अठ्ठ्याण्णवचे गोडवे गायचे. हात वर करणाऱ्या एक्केचाळीसांपैकी किती जण विरूनात पेट्रोल भरत होते, ते मोजायला एका हाताची बोटं पुरली असती.

क्लेम भरायचा. एवढं त्याचं कबूल करायला हवं, तो ढोंगी नव्हता, नुसताच मूर्ख होता. पण त्याला जायचं होतं कुठे? घर ते पंप, पंप ते बोलिंग क्लब. महिन्याकाठी एक टाकी.

जूनमध्ये ग्लेनिसनं सॉसेज रोल ठेवणं बंद केलं, कारण संध्याकाळी तेच फेकून द्यावे लागायचे. जुलैत पंप आठवड्याचे चारच दिवस उघडायला लागला. टपालाचं काम दुसरीकडे हलवायच्या गोष्टी सुरू झाल्या. क्लेमच्या खुर्चीपुढून गाड्या जायच्या, थांबायच्या नाहीत. एकदा तो तासभर स्क्रूड्रायव्हर मांडीवर घेऊन बसून राहिला आणि तपासायला आलं ते फक्त शाळेच्या बागेतलं गवत कापायचं यंत्र.

"क्लेम," ग्लेनिस चहा देताना म्हणाली, "मागच्या आठवड्यात पेट्रोलला नऊ गाड्या आल्या. उद्या हा पंप बंद पडला तर मी बहिणीकडे जाईन. तू कुठे बसशील?"

"चांगल्या मालाला गिऱ्हाईक उशिरा कळतं," क्लेम म्हणाला.

"अरे, तोवर मी असायला नको का इथे?"

यावर क्लेमनं गावाच्या ढासळत्या चारित्र्याबद्दल बरंच सांगितलं. लोकांना चांगल्या-वाइटाची पारख राहिली नाही, यंत्रांनी सगळ्यांच्या जिभा मारल्या, वगैरे. ग्लेनिस ऐकत होती की नाही कुणास ठाऊक. तिचं लक्ष रस्त्यावर होतं, तिथून एक ओळखीची गाडी पोर्ट हार्लनच्या दिशेनं चालली होती.

ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी समिती बसली. रॉस क्लाइनिग मोजकं बोलणारा माणूस. साठीचा, बापाच्याच जमिनीवर गहू करणारा. तो म्हणाला की आता दोनच रस्ते आहेत. टाकीत पुन्हा एक्क्याण्णव आणून बघायचं, नाहीतर महिनाअखेर शटर ओढायचं. सहा हात एक्क्याण्णवसाठी वर गेले. सातवा क्लेम. तो उठला आणि म्हणाला की त्याच्या हयातीत या टाकीत खाद्य पडणार असेल तर त्याचा राजीनामा घ्या. रॉसनं घेतला. क्लेमला वाटलं होतं की लोक दोनदा तरी नको म्हणतील. तो तरातरा पंपावर गेला, बर्फाच्या पेटीशेजारची आपली खुर्ची घडी करून काखोटीला मारली आणि घरी निघून गेला.

त्यानंतर नऊ दिवस तो घराबाहेर पडला नाही, आणि त्या नऊ दिवसांत काय घडलं ते गावात त्याला सोडून सगळ्यांना माहीत होतं. एक्क्याण्णवचा टँकर शुक्रवारी, सतरा तारखेला यायचा होता. टाकीत अजून अठ्ठ्याण्णव बरंच शिल्लक होतं. ते खपवून टाकी मोकळी करायला हवी होती. म्हणून समितीनं ठरवलं की उरलेलं अठ्ठ्याण्णव एक्क्याण्णवच्या दरात विकून टाकायचं. रस्त्यावरच्या फलकावर नवा आकडा आणि नवा दर त्या आठवड्यातल्या मंगळवारीच चढला, आणि ग्लेनिसनं दुकानाच्या दारावर स्वतःच्या हातानं कागद चिकटवला: टँकर शुक्रवारी येईल, तोवर नळीतून येतंय ते जुनंच अठ्ठ्याण्णव, दर मात्र एक्क्याण्णवचा. पहिल्या प्रतीचा माल खाद्याच्या भावात म्हटल्यावर विरूनाला कोण आवरणार. बुधवारी सकाळी पंपावर रांग लागली, सायलोच्या वळणापर्यंत. पुष्कळांनी कॅनही आणले होते.

कोरलनं नवऱ्याला सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. मंगळवारी रात्रीच्या जेवणाला ती म्हणाली, "पंपाच्या दारावर ग्लेनिसनं कागद लावलाय. वाचून ये."

"मी कागद वाचत नाही," क्लेम म्हणाला, "मी इंजिन वाचतो."

कोरलनं त्याच्या ताटात आणखी एक बटाटा वाढला आणि विषय सोडून दिला. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात तिनं असे विषय पुष्कळ सोडले होते. पण हा सोडताना तिला थोडं बरं वाटलं, हेही खरं.

क्लेमला खिडकीतून फलक दिसत होता आणि रांग दिसत होती. फलकावर एक्क्याण्णव, आणि गाव त्यावर तुटून पडलेलं. त्याला वाटलं, हे लोक असेच जाणार. कुणीतरी यांना दाखवून द्यायला हवं. गाडीत पेट्रोल तळाला होतं. उरलंसुरलं संपावं म्हणून त्यानं सायलोला नऊ चकरा मारल्या, आणि इंजिन आचके द्यायला लागल्यावर गाडी पंपावर आणून रांगेच्या पुढे घातली. कुणी अडवलं नाही. रांगेतल्यांना वाटलं, यानंही कागद वाचला.

"पाच लिटर," तो ग्लेनिसला म्हणाला. "स्वतःच्या गाडीवर करून दाखवतो. म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको."

ग्लेनिसनं त्याच्याकडे नीट पाहिलं. "क्लेम, दारावरचा कागद वाचलास का?"

"पाच लिटर भर, ग्लेनिस."

तिनं दुसऱ्यांदा विचारलं नाही. सहा महिने ती त्याला सांगतच तर आली होती. तिनं पाच लिटर भरलं. क्लेमनं गाडी सायलोला एक चक्कर मारून आणली, रांगेसमोर उभी केली, इंजिन चालूच ठेवलं, बॉनेट उघडलं आणि स्क्रूड्रायव्हर टेकवला. मूठ कानाला, डोळे मिटलेले. रांगेतली बडबड आपोआप थांबली. वीस-पंचवीस माणसं होती. रॉस क्लाइनिगही कॅन घेऊन उभा होता.

क्लेमच्या चेहऱ्यावर हळूहळू दुःख पसरलं. खरं दुःख, त्यात नाटक नव्हतं. त्याला ठोके ऐकू येत होते. बारीक, कोरडे, टक टक टक, तव्यावर दाणे उडावेत तसे. एका चकरेत त्याच्या गाडीची ही दशा झाली होती.

"या," तो म्हणाला. "ज्याला पाहिजे त्यानं कान लावून बघा. ही गाडी आठ वर्षं मांजरासारखी गुरगुरली. आणि आता बघा. पाच लिटर खाद्य पोटात गेलं आणि हाडं वाजायला लागली. हे तुम्ही रांग लावून विकत घेताय."

पुढे उभा असलेला बोलिंग क्लबचा खजिनदार सवयीनं वाकला, स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावली आणि गंभीरपणे म्हणाला, "हो रे, येतोय आवाज." मग त्याच्या बायकोनं त्याला कोपरानं ढोसलं, तेव्हा त्याला कागदाची आठवण झाली आणि तो लाल होऊन मागे सरकला.

कुणी हसलं नाही. हसले असते तर क्लेमला उत्तर सुचलं असतं. सगळे पायांकडे बघत उभे राहिले, आणि क्लेमला तो मान वाटला.

शेवटी ग्लेनिस आत गेली, दारावरचा कागद सोडवून घेऊन आली आणि त्याच्या हातात दिला. क्लेमनं चष्मा शोधला, डोळ्यांवर चढवला, आणि कागद वाचला. मग पुन्हा वाचला. कागदावर तीनच ओळी होत्या, पण त्याला बराच वेळ लागला.

"शिळं झालं असेल," तो म्हणाला. "अठ्ठ्याण्णव पडून पडून शिळं झालं की असंच वाजतं."

"मागच्याच महिन्यात तू यातलंच भरलंस की," ग्लेनिस शांतपणे म्हणाली. "तेव्हा मांजर होतं."

आता रांगेत कुणीतरी फिसकन हसलं, आणि हसणं मागे मागे सायलोच्या वळणापर्यंत गेलं. क्लेमला तेही चाललं असतं. गावाचं हसणं महिनाभरात विरतं, आणि पेट्रोल नाही तर टायरातल्या हवेची प्रत लावायला त्याला कुणी रोखलं नसतं. त्यानं बॉनेट लावलं, स्क्रूड्रायव्हर मागच्या सीटवर टाकला. तेवढ्यात रॉस क्लाइनिग कॅन खाली ठेवून पुढे आला. तो हसत नव्हता.

"क्लेम, एक विचारू?"

"विचार."

"शहाऐंशीच्या सुगीत, पाऊस लागला होता तेव्हा, माझ्या बापाचे सहाच्या सहा ट्रक तू खाद्य म्हणून पाठवलेस. तो म्हणत होता, गहू चांगला आहे, माझ्या रानावर पाऊस पडलाच नाही. त्या वर्षी आम्हाला नदीकाठचा तुकडा विकावा लागला. बाप मरेपर्यंत म्हणायचा, गहू चांगलाच होता, पण क्लेमनं चावून सांगितलंय म्हटल्यावर काय बोलणार." रॉसनं त्या पांढऱ्या गाडीकडे पाहिलं. "असंच सांगितलं होतंस का रे ते?"

क्लेमच्या तोंडात उत्तर तयार होतं. एकतीस वर्षं तयार होतं. दाढेखाली दाणा घातला की खोटं बोलत नाही, असं तो नेहमी म्हणायचा. पण ते बाहेर आलं नाही, कारण त्याला तो दिवस आठवत होता. क्लाइनिगचे ट्रक आठवत होते. रांग मोठी होती, आधीच्या चौदा ट्रकांतला गहू भिजून मोड आलेला होता, आणि त्याची उजवी दाढ तीन दिवस ठणकत होती, गाल सुजलेला होता. दुसऱ्या दिवशी पोर्ट हार्लनला जाऊन त्यानं ती उपटून घेतली. क्लाइनिगचा गहू त्यानं तोंडात घातलाच नव्हता. आधीच्या चौदांसारखाच असणार म्हणून सांगून टाकलं होतं.

त्यानंतरही सोळा सुग्या तो चार दाणे उजव्या गालात सरकवायचा आणि, जिथे दाढ नव्हती तिथे, कडकन चावल्यासारखं करायचा. कुणाला कळलं नाही. हळूहळू त्यालाही ते आठवेनासं झालं होतं.

"आठवत नाही," तो रॉसला म्हणाला.

रॉसनं मान हलवली, कॅन उचलला आणि रांगेत आपल्या जागी जाऊन उभा राहिला. रांग एक गाडी पुढे सरकली. ग्लेनिसनं नळी पुढच्या गाडीला लावली. शुक्रवारी टँकर येणार होता, आणि उद्यासाठी तिला सॉसेज रोल सांगायचे होते. क्लेम गाडीत बसला. इंजिन अजून चालूच होतं, आणि स्क्रूड्रायव्हर नसतानाही त्याला ते स्वच्छ ऐकू येत होतं. एकसारखं, मऊ. त्यात एकही ठोका नव्हता.